हिरव्या बेडकाचा शोध

रेलीननं ओला स्पंज मुलीच्या नाकावर टेकवला आणि दुसऱ्या हातानं टेबलावरचं लोंबतं कापड उचलून खाली पाहिलं. नातू जॅगो तिथंच होता. पालथा पडून खडूनं खोक्यावर रेघोट्या मारत होता. तिनं कापड सोडलं.

"हलू नकोस गं कोआला," ती मुलीला म्हणाली. "नाक कानाशी जाऊन बसेल, मग आई घरात घेणार नाही."

मुलगी खुदकन हसली आणि व्हायचं तेच झालं. रेलीननं चिंधीनं कड पुसली, नाक पुन्हा काळं केलं, भुवयांवर राखाडी केसांच्या बारीक रेषा ओढल्या. हात कसा चालत होता! अठ्ठावीस वर्षं येल्बा गावच्या वार्षिक शेतकी शोमध्ये ती पोरांची तोंडं रंगवत आली होती. ऑक्टोबरातला शनिवार, मेंढ्यांच्या शेडला चिकटून तिचा तंबू, शेजारी लोकर कातरायच्या मशीनची घरघर, आणि पेस्टीच्या गाडीकडून येणारा कांदा-मटणाचा वास. तंबू नसता तर लोकांना शो झाल्यासारखं वाटलं नसतं.

तिची एक रीत होती. खुर्चीत बसलं की पोराला नाव उरत नसे. वाघोबा, काकाकुवा, कांगारूबाई, जे काय अंगावर चढेल ते. ज्या पोरांना ती रंगवी त्यांच्या आयांनाही ती कधीकाळी रंगवून चुकली होती, त्यामुळे बाजारातसुद्धा "काय गं मनीमाऊ" म्हणून हाक मारायची तिला मुभा होती. लोकांना ते गोड वाटे. ही रीत अलीकडे तिच्या किती कामी येते, ते फक्त तिला ठाऊक होतं. मार्चमध्ये पाववाल्याची बायको समोर उभी राहिली आणि रेलीनच्या डोक्यात तिचं नाव काही केल्या येईना. मनीमाऊनं लाज राखली. तेव्हापासून तिनं कितीतरी मनीमाऊ खपवल्या होत्या.

पण आज गंमत नव्हती. आज परीक्षा होती.

शॉना, तिची एकुलती एक लेक, नवऱ्याला सोडून सहा वर्षांच्या जॅगोला घेऊन या जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, गावी परतली होती. दोन गल्ल्या सोडून तिनं भाड्याचं घर घेतलं. रेलीनला आभाळ ठेंगणं झालं होतं. ऑगस्टमधल्या एका बुधवारी मात्र जॅगोला तीन वाजता शाळेतून आणायचं होतं, आणि त्या वेळी रेलीन परसात गवत उपटत, गुणगुणत बसली होती. पोरगं पाच वाजेपर्यंत शाळेच्या पायरीवर. शॉना ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं जॅगोची वेगळी सोय केली आणि आईकडे त्याला अर्धा तासही एकटं ठेवलं नाही.

आज नाइलाज होता. साठ किलोमीटरवरच्या हॉस्पिटलातून शॉनाला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. शनिवार-रविवारची दिवसपाळी मिळण्यासारखी होती. मिळाली तर दोन्ही दिवस जॅगो आजीकडे राहील. पण आजीचा भरवसा नसेल, तर मग ॲडलेडला मावसबहिणीच्या घरात एक खोली रिकामी होती. शॉना हे आईला तोंडावर म्हणाली नव्हती. तंबूत जॅगोला सोडून तिची पाठ वळल्यावर जॅगोनंच सांगितलं, तेही असं की जणू उद्या वारा असेल की नसेल ते सांगतोय.

"आजी, आज तू विसरली नाहीस तर आम्ही इथंच राहणार. विसरलीस तर ॲडलेडला जाणार. मला नाही जायचं."

"मी कशाला विसरेन?" रेलीन म्हणाली.

शॉना एक वाजता येणार होती. रेलीननं मनगटाच्या आतल्या बाजूला काळ्या रंगानं लिहून ठेवलं : जॅगो, एक वाजेपर्यंत. वरून बाही ओढली. दर दोन मिनिटांनी ती कापड उचलून पाही. रांग सांभाळणाऱ्या बेव्हनं, तिच्या चाळीस वर्षांच्या मैत्रिणीनं, विचारलंही, "खाली काय अंडी उबवत ठेवलीयस का?"

अकराच्या सुमारास केकचा निकाल लागायचा होता. बेव्हचा केक गेल्या तीन वर्षांत दोनदा दुसरा आला होता आणि पहिली आलेली बाई या सालात वारली होती, त्यामुळे बेव्ह मोठ्या आशेनं तिकडे गेली. रांग ओसरली. जॅगो टेबलाखालून रांगत बाहेर आला, स्वेटर काढून खुर्चीखाली टाकलं आणि खुर्चीत चढून बसला.

"आता माझी पाळी."

सकाळपासून त्याचं कधी बेडूक, कधी दुसरंच काही चाललं होतं. रेलीननं त्याला मन लावून रंगवलं. त्याची हनुवटी दोन बोटांत धरली की शॉनाचीच हनुवटी. पापण्या मिटून तो इतका निश्चल बसला की रंगवता रंगवता तिला भरून आलं. आरसा दाखवला तेव्हा तो समाधानानं मान हलवून पुन्हा टेबलाखाली गेला.

आणि मग शेजारच्या गावची बस आली. बारा-चौदा पोरं एकदम आत शिरली, रांग सांभाळायला बेव्ह नाही, एकाला वाघ व्हायचं, दुसऱ्याला त्याच्याहून मोठा वाघ व्हायचं, एकीला कुकाबरा पक्षी होता होता रडू फुटलं. रेलीनचे दोन हात अपुरे पडले. कितीतरी वेळानं तिनं कापड उचललं.

खाली खोका होता. खडू होता. जॅगो नव्हता.

तिनं कापड सोडलं आणि पुन्हा उचललं. मग तंबूच्या मागं पाहिलं, शेडच्या कडेनं पाहिलं. खुर्चीतला अर्धा वाघ विचारत राहिला, "माझ्या मिशा?" बेव्ह येत होती, छातीवर पहिल्या नंबरची निळी फीत लावून, सांगायला तोंड उघडलेलं. रेलीनचा चेहरा पाहून तिनं ते मिटलं.

"जॅगो," रेलीन म्हणाली. "इथंच होता."

"केव्हापर्यंत?"

ते सांगता येईना. बेव्ह तडक माइकवाल्याकडे गेली. येल्बाच्या शोत हरवलेल्या पोराचं नाव माइकवरून घेत नाहीत. कुणी भलताच नावानं हाक मारून पोराला घेऊन जाईल, या भीतीनं काही वर्षांपूर्वी तसं ठरलं होतं. वर्णन तेवढं सांगायचं. बेव्ह परत धावत आली. काय सांगू, काय रंगवलंस त्याला?

"बेडूक," रेलीन म्हणाली. एवढं एक तिला धडधडीत दिसत होतं. पापण्यांवर काढलेले गोल डोळे, गालांपर्यंत गेलेलं रुंद तोंड. "हिरवा बेडूक. आणि निळं स्वेटर."

बेव्हनं खुर्चीखालून स्वेटर उचलून दाखवलं. रेलीननं ते हातात घेतलं. आत त्यानं काय घातलं होतं, ते तिला आठवेना.

भोंग्यावरून घोषणा झाली. सहा वर्षांचा मुलगा, चेहरा हिरव्या बेडकाचा, कुणाला दिसल्यास तंबूत आणावा. लाकूडतोडीच्या स्पर्धेतल्या गड्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. पेस्टीवालीनं गाडी सोडली. बायका मोटारींच्या खाली वाकून पाहू लागल्या, पुरुष घोड्यांच्या तबेल्यांत शिरले. दोन बेडूक धरूनही आणले. एक आठ वर्षांची मुलगी निघाली आणि दुसरा भलत्याच घरचा, त्याची आई मागोमाग भांडत आली.

घोड्यांच्या रिंगणामागं शेततळं होतं. कुणीही ते बोलून दाखवलं नाही, पण रेलीननं बघितलं की तीन-चार जण सावकाश, न धावता, तिकडे चालले आहेत. ती धावली. ऑक्टोबरात तळं भरलेलं असतं. काठावर मेंढ्यांच्या खुरांचा चिखल झाला होता आणि वाऱ्यानं पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. ती हिरवं शोधत होती. काठचं गवत हिरवं होतं, पाण्यावरचं शेवाळ हिरवं होतं, लांब कुणाची तरी बादली पडली होती तीही मेली हिरवी. दर हिरव्याशी ती थबकून वाकून पाही.

देवा, ॲडलेडला जाऊ दे त्यांना. उद्याच्या उद्या जाऊ दे. पोरगं तेवढं सापडू दे.

कुणीतरी तिचा एप्रन ओढला. तिनं वळून पाहिलं. पिंगट तोंडाचं, काळ्या नाकाचं एक पोर होतं, मेंढ्या राखणारं कुत्रं रंगवलेलं.

"आजी, कोण हरवलंय?"

गावची सगळीच पोरं तिला आजी म्हणत.

"बेडूक," ती म्हणाली. तिची नजर पुन्हा पाण्याकडे गेली होती. "बाजूला हो रे कुत्रोबा, चिखल आहे."

"मी पण शोधू?"

"शोध बाबा, शोध. तिकडे फाटकाकडे जाऊन बघ."

कुत्रं खुशीत उड्या मारत निघून गेलं.

एका माणसानं बूट काढून तळ्यात पाय घातला. पाणी मांडीपर्यंत आलं. त्यानं हातातल्या काठीनं तळ चाचपला, इकडे, तिकडे. रेलीन काठावर स्वेटर छातीशी धरून उभी होती. तो माणूस बाहेर आला आणि मान हलवून म्हणाला की इथं काही नाही, तुम्ही तंबूत जाऊन थांबा, पोरगं आलं तर तिथंच येईल. बेव्हनं तिला दंडाला धरून परत आणलं.

साडेबारा वाजले होते. आणि फाटकाकडून शॉना येत होती.

अर्धा तास आधीच. हॉस्पिटलात जाताना घातलेला पांढरा शर्ट, पायात नवे बूट, चालण्यात किती दिवसांनी थोडा झोक आला होता. काम झालं होतं, ते लांबूनच कळत होतं. तिच्या हाताला धरून कुणाचं तरी पोर चाललं होतं. रेलीननं तिकडे नीट बघितलंही नाही. ती शब्द जुळवत होती. कुठून सुरुवात करायची? ऑगस्टमध्ये पायरी तरी होती, शाळा होती, शिपाई होता.

"आई, भोंग्यावर काय चाललंय गं?" शॉनानं जवळ येत विचारलं. "कुणाचं पोर हरवलंय?"

"शॉना, माझं ऐक. जॅगो सापडत नाहीये."

शॉना थांबली. तिनं आईकडे पाहिलं, मग खाली, हातातल्या पोराकडे पाहिलं. पुन्हा आईकडे.

"आई," ती हळूच म्हणाली. "हा काय जॅगो."

पिंगट तोंडाच्या कुत्र्यानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत अजून शोधाशोधीचा उत्साह होता.

"मी पण शोधत होतो," तो म्हणाला. "फाटकाकडे पण बघितलं. आजीच म्हणाली, शोध."

शेडमधलं मशीन नेमकं त्याच वेळी बंद पडलं. रेलीन त्या चेहऱ्याकडे बघत होती. पिंगट रंग तिचाच, नाकापासून कपाळाकडे उडवलेले फटकारे तिचेच, गावात दुसरं कोण रंगवतंय? पण तिला बेडूक आठवत होता. पापण्यांवरचे गोल डोळे इतके लख्ख आठवत होते की हात लावावा. ते कुणाचे होते मग?

"तू बेडूक म्हणालीस ना?" बेव्ह पुटपुटली.

जॅगोनं बेव्हकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग आजीकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं. त्याचा उत्साह कुठल्या कुठं गेला.

"मी आधी बेडूकच होतो," तो म्हणाला. "मग घोड्यांच्या नळावर धुतलं. आणि परत रांगेत बसून कुत्रा झालो. आजीला कळलंच नाही. मी गंमत केली."

"गंमत?" शॉनाचा आवाज चढला.

"हो."

"खरं सांगतोयस?"

"खरं."

शॉनानं श्वास सोडला. ती त्याचा दंड धरून त्याला बोल बोल बोलली. अख्खं गाव वणवण फिरतंय, तुझी गंमत होते आणि इथं आजीचा जीव जातो, कळतं का काही? पण बोलता बोलता तिचा चेहरा सैल होत गेला. जे ऐकायचं होतं ते तिला ऐकायला मिळालं होतं. बेव्हनंही हात कपाळाला लावून घेतला. "काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली. "तळ्यात उतरलेल्या त्या बिचाऱ्याला मी पेस्टी देऊन येते, नि माइकवाल्यालाही सांगते."

"लबाड कुठला," रेलीन म्हणाली. तिला बसावंसं वाटत होतं. बस आली तेव्हा गर्दी होतीच. बारा-चौदा पोरं होती, त्यात धुतल्या तोंडाचा जॅगो येऊन बसला असेल आणि आपण वर न बघता रंगवला असेल. असं होऊ शकतं. कुणाच्याही हातून होईल. तिनं आठवून पाहिलं. बस आठवली, वाघ आठवले, रडणारी कुकाबरा आठवली. पुढं काही नव्हतं. ती तेवढ्यावरच समाधान मानायला तयार होती.

"दिवसपाळी मिळाली," शॉनानं सांगितलं. ती खुर्चीत बसून पेस्टीची कागदी पिशवी उघडत होती. "मी कळवते म्हटलंय सोमवारी. म्हणजे तुला जमणार असेल तर हं, आई. शनिवार-रविवार, सात ते साडेतीन. नोव्हेंबरपासून."

"जमेल की," रेलीन म्हणाली.

तिनं कोमट पाण्याचा टब पुढं ओढला, फडक्याला साबण लावला आणि जॅगोला गुडघ्यांमध्ये उभं केलं. आधी कपाळ. पिंगट रंग सहज सुटत होता. मग गाल, मग नाकाचा काळा ठिपका. खालून त्याचे खरे गाल लालसर होऊन वर येत होते. शॉना मागे बोलत होती. डबा कसा द्यायचा, पोहायचा क्लास किती वाजता, रेलीनकडची छोटी खोली त्याला चालेल का. किती दिवसांनी ती असं भडाभडा बोलत होती. फडकं केसांच्या कडेला आलं, तिथून कानामागं गेलं, आणि थांबलं.

सगळ्या रंगांत हिरवा चिवट. वाघ एका धुण्यात उतरतो, कोआला नुसत्या पाण्यानं जातो, बेडूक जात नाही. तेल लावा, साबण लावा, चामडी सोलून काढा, केसांच्या मुळाशी आणि कानामागच्या खाचेत तो दोन दिवस राहतोच. शोनंतरच्या सोमवारी वर्गात कोण कोण बेडूक होतं ते येल्बाच्या मास्तरांना विचारावं लागत नाही. शॉनाला तर लहानपणी दर ऑक्टोबरात हाच रंग लागे, कारण नवा बेडूक आधी घरच्या पोरीवर काढून पाहायचा. सहावीपर्यंत शाळा तिला शेवाळी म्हणून चिडवत होती.

जॅगोच्या कानामागची खाच गोरीपान होती.

रेलीननं उजेडाकडे त्याचं डोकं वळवलं. कुठं काही नाही, ठिपकासुद्धा नाही. जॅगो हललाच नाही. तो आजीच्या डोळ्यांत बघत होता, आणि त्याचा खालचा ओठ दातांखाली होता. त्याला रंगाचं काही ठाऊक नव्हतं. पण आजीला कळलंय, एवढं त्याला कळलं होतं.

शॉना पोहायच्या क्लासचंच सांगत होती. बुधवार बदलून शनिवार घेतला तर आजीला नेता येईल, तळ्याच्या पलीकडेच तर आहे.

तळ्याच्या पलीकडे. रेलीननं डोळे मिटले आणि उघडले. मांडीभर पाण्यात काठीनं तळ चाचपणारा तो माणूस तिला दिसला. फडकं टबात बुडवायचं, एकदा पिळायचं, संपलं. कुणी विचारणार नव्हतं.

"शॉना," ती म्हणाली. "इकडे ये जरा."

"काय?"

"याचा कान बघ. मागून."

शॉना पेस्टीचा घास चघळत आली आणि वाकली. "काय झालंय? स्वच्छ तर आहे."

"हो," रेलीन म्हणाली. "स्वच्छ आहे."

शॉना हसायला लागली होती, ती तशीच राहिली. तिचा हात, तेलकट बोटं तशीच, आपल्या स्वतःच्या कानामागं गेला. तिथं तो थांबला. तिनं घास गिळला, पण पुष्कळ वेळानं.

"आजी, कशाला?" जॅगो कुजबुजला. "मी सांगितलं होतं ना आईला."

"हो रे राजा. छान सांगितलंस."

शॉना आईच्या शेजारी जमिनीवरच बसली, नवे बूट, पांढरा शर्ट, कशाचाही विचार न करता. बाहेर भोंग्यावरून सांगत होते की बेडूक सापडला, सगळ्यांचे आभार. रेलीननं फडकं टबात बुडवून पिळलं, जॅगोची मान दुसरीकडे वळवली आणि त्याचा दुसरा कान पुसायला घेतला. तोही स्वच्छच होता.